अडखळणं वेगळं, बोबडं बोलणं वेगळं

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना 'प-प-प-पाणी' म्हणायचा आणि रिक्षाला 'लिक्षा'. मी दोन्ही एकच समजून 'नीट बोल' म्हणत मागे लागले. तो ओठ घट्ट मिटून नुसतं बोट दाखवायला लागला. अजून आठवलं की पोटात कालवतं.

आधी आठवडाभर वही ठेवा. एका पानावर अडखळलेले शब्द, दुसऱ्यावर बदललेले आवाज. 'र' उशिराच येतो, घाई नको. पण चार वर्षांनंतरही 'काका'चं 'ताता' होत असेल तर दाखवून घ्या.

अडखळला की वाक्य तुम्ही पुरं करू नका, 'सावकाश बोल'ही नको. आपणच सावकाश बोलायचं. 'लिक्षा आली' म्हणाला की मी म्हणते, "हो, रिक्षा आली की!" परत म्हणायला मात्र लावत नाही.

अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, किंवा मूल डोळे मिचकावतं, बोलणं टाळतं, तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जा. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वही सोबत न्या आणि दोन्ही पानं दाखवा. उच्चार सुधारण्याच्या ताणानं अडखळणं वाढू नये, हे त्यांनाही सांभाळावं लागतं.