ना-नफा संस्था आणि धर्मादाय संस्था यांतील फरक कसा ओळखावा

प्रत्येक धर्मादाय संस्था ना-नफा तत्त्वावर चालते. परंतु प्रत्येक ना-नफा संस्था धर्मादाय असतेच असे नाही. देणगी देऊ इच्छिणाऱ्याला किंवा नवी संस्था काढू पाहणाऱ्याला हा फरक संस्थेच्या नावावरून कळत नाही, माहितीपत्रकातील हृदयस्पर्शी छायाचित्रांवरून तर नाहीच. त्यासाठी संस्थेची घटना मागून घ्यावी आणि ती शांतपणे वाचावी.

सर्वप्रथम उद्दिष्टांचे कलम पाहावे आणि संस्थेच्या कामाचा लाभ कोणाला होणार आहे हे तपासावे. एखादा टेनिस क्लब सभासदांच्या वर्गणीवर चालतो आणि वर्षअखेरीस उरलेल्या रकमेतून मैदानाची डागडुजी करतो, तेव्हा तो ना-नफा असतो. मात्र त्याची सोय सभासदांपुरतीच असल्याने तो धर्मादाय ठरत नाही. व्यापारी संघटनांचेही तसेच. धर्मादाय ठरण्यासाठी हेतू कायद्याला मान्य असलेला आणि लाभ सार्वजनिक असावा लागतो. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत वृद्ध व गरिबांना मदत, जखमी सैनिकांचा सांभाळ, शाळा, इतकेच नव्हे तर पूल आणि रस्त्यांची दुरुस्तीही अशा कामांत गणली होती. १८९१ च्या पेम्सेल खटल्यात या कामांची दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्मप्रसार आणि समाजाच्या हिताची अन्य कामे अशी चार गटांत विभागणी झाली, तर तेथील २०११ च्या कायद्यात तेरा प्रकार दिले आहेत.

त्यानंतर शिलकीचे कलम पाहावे. ‘ना-नफा’ म्हणजे संस्थेने पैसा शिल्लक टाकू नये किंवा कर्मचाऱ्यांना पगार देऊ नये, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. बंधन एवढेच असते की शिल्लक संचालकांत वा सभासदांत वाटता येत नाही. म्हणून वार्षिक हिशेब चाळताना एकूण खर्चापेक्षा विश्वस्तांच्या नातलगांना दिलेले भाडे, मानधन आणि कर्जे यांकडे अधिक बारकाईने लक्ष द्यावे. आडवाटेने वाटप होत असेल तर ते तेथेच सापडते.

विसर्जनाचे कलम बहुधा घटनेच्या अगदी शेवटी असते आणि फारसे कोणी वाचत नाही, पण माझ्या मते सर्वांत बोलके कलम तेच. संस्था बंद पडल्यास उरलेली मालमत्ता तशाच हेतूच्या दुसऱ्या धर्मादाय संस्थेकडे जाईल, असे धर्मादाय संस्थेच्या घटनेत अपेक्षित असते. मालमत्ता सभासदांत वाटण्याची मुभा तेथे दिसली, तर देणगी देण्यापूर्वी थांबावे.

करसवलतीचे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत कलम ५०१(सी)(३) खालील धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर देणगीदाराला वजावट मागता येते. ५०१(सी)(६) खालील व्यापारी संघटना आणि ५०१(सी)(७) खालील क्लब यांना स्वतःच्या उत्पन्नावर सूट मिळू शकते. मात्र त्यांना दिलेली रक्कम देणगीदाराला धर्मादाय देणगी म्हणून वजा करता येत नाही. म्हणजे ‘आमची संस्था करमुक्त आहे’ या वाक्याने देणगीदाराच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पावतीवर वजावट मिळेल का, हे स्वतंत्रपणे विचारावे. सवलतीबरोबर बंधनेही येतात: १९५४ पासून ५०१(सी)(३) संस्थांना निवडणुकीतील कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही.

नवी संस्था काढणाऱ्यांनी आपल्याला सभासदांची सोय पाहायची आहे की सार्वजनिक काम करायचे आहे, हे नोंदणीपूर्वीच ठरवावे. धर्मादाय हेतूसाठी जमा झालेला पैसा नंतर विचार बदलला म्हणून क्लबच्या खात्यात वळवता येत नाही.