वेल्श रेडिओवर बोलायला शिकताना

वेल्समधल्या बँगोरला एमए करायला आले, तेव्हा वेल्श ही रोजच्या व्यवहारातली भाषा आहे याची मला कल्पनाच नव्हती. पहिल्याच आठवड्यात बसमध्ये शाळकरी पोरं वेल्शमध्ये कडाकडा भांडताना ऐकली आणि कान टवकारले. पुढे वर्षभर उत्तर वेल्समधल्या एका छोट्या सामुदायिक रेडिओवर मी स्वयंसेवक म्हणून काम केलं. इकडे नव्याने येणाऱ्यांनी हे जरूर करावं, म्हणून लिहितेय.

2021च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे 17.8 टक्के निघाले, पण बँगोर ज्यात येतं त्या ग्विनेड काउंटीत 64.4 आणि शेजारच्या अँग्लसी बेटावर 55.8. बीबीसीचं वेल्श केंद्र, रेडिओ कमरी, 1977 पासून आहे. पण ते सगळ्या वेल्सचं. गावातल्या ऐस्टेदवोडमध्ये, म्हणजे गाण्या-कवितांच्या स्पर्धेत, कुणाच्या नातीला बक्षीस मिळालं हे सांगायला गावचाच रेडिओ लागतो. अँग्लसीवरचं मोन एफएम 2014 पासून तेच करतंय, दोन्ही भाषांत, स्वयंसेवकांच्या बळावर.

माझी पहिली मोठी चूक म्हणजे मी ‘द्विभाषिक’चा अर्थ ‘सगळं दोनदा’ असा घेतला. प्रत्येक वाक्य आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत. माझ्यासोबत बसणाऱ्या बाईंनी समजावलं, की असं केलं तर वेल्श ऐकणारा इंग्रजीची वाट बघत बसतो. ते मला लगेच पटलं, कारण हे आपल्या घरचंच दुखणं. चार मराठी माणसांत एक अमराठी आला, की आपण सगळे हिंदीवर जातो. इथेही तसंच, फक्त हिंदीच्या जागी इंग्रजी. रेडिओवर मात्र कुणासाठी भाषा बदलावी लागत नाही. पाहुणा वेल्श बोलला तर मुलाखत वेल्शमध्येच. इंग्रजी ऐकणाऱ्यासाठी शेवटी दोन ओळींत सार. रस्ता बंद, शाळा बंद एवढ्याच सूचना दोन्हीत पूर्ण द्यायच्या. वारा सुटला की अँग्लसीला जोडणारा ब्रिटानिया पूल उंच गाड्यांना बंद होतो, हिवाळ्यात तर ही सूचना तोंडपाठच होते.

उच्चारांवर घाम गाळा. अँग्लसीवरच्या ‘लांगेव्हनी’ या गावाच्या नावातला पहिला आवाज आपला ‘ल’ नव्हे. जीभ ‘ल’च्या जागी टेकवून बाजूंनी हवा सोडायची. मी आरशासमोर आठवडाभर करत होते. शिवाय शब्दांची सुरुवातच बदलते. बँगोर, पण ‘बँगोरमध्ये’ म्हणजे ‘अम मँगोर’ आणि ‘बँगोरहून’ म्हणजे ‘ओ व्हँगोर’. आपल्याला हे अगदीच परकं वाटायला नको. पुण्याला, पुण्याहून म्हणताना आपणही ‘पुणे’ तसंच ठेवत नाही. मी सूचना आधी देवनागरीत लिहून घ्यायचे. इंग्रजी स्पेलिंगच्या सवयीपेक्षा ते कितीतरी सोपं.

व्हिसाचं आधी बघा. विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या मुलांना सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. नुसती स्वयंसेवा त्यात धरत नाहीत, पण ठरलेल्या जबाबदारीचं बिनपगारी काम धरतात. आपलं नेमकं कशात बसतं, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. वेल्शचे सरकारी वर्ग 18 ते 25 वयाच्यांना फुकट आहेत. उत्तरेकडची बोली निवडा, कारण ‘आत्ता’ला इथे ‘रूअन’ म्हणतात आणि दक्षिणेत ‘नाउर’.

पहिल्याच दिवशी माइक मागू नका. गाण्यांच्या नोंदी, मुलाखती कापणं, फोन घेणं, यातच कान तयार होतो. जाताना एक वाक्य पाठ करून जा: ‘दुइन दस्गी कम्राइग’, मी वेल्श शिकतेय. हे ऐकलं की समोरचा माणूस इंग्रजीवर जात नाही, सावकाश बोलायला लागतो.