धरणकाठचा बंगला घ्यायचाय? आधी मे महिन्यात जाऊन या

दलाल तुम्हाला सप्टेंबरात नेतो. पवना धरण तुडुंब भरलेलं, समोर तिकोना किल्ला, पलीकडे तुंग, डोंगरावरून ओहोळ वाहतायत. गाडीतून उतरल्या उतरल्या बाईसाहेब म्हणतात, "हेच!" झालं, तिथंच भाव चढतो.

मी मावळात भूकरमापक होतो, म्हणजे सरकारी जमीनमोजणीवाला. आधी मोजणीची साखळी ओढली, नोकरीच्या शेवटी हातात रोव्हर आला, उपग्रहावर चालणारं मोजणीयंत्र. माझ्या अख्ख्या फंडापेक्षा ज्यांची गाडी महाग, अशा पुष्कळ लोकांच्या जमिनी मोजल्या. माणसं वाईट नव्हती, पण बहुतेकांनी जागा पाहिली होती ती भरल्या पाण्यातच.

म्हणून टोकन देण्याआधी मेअखेरीला या. पाणी पार खाली गेलेलं असतं. एरवी पाण्याखाली असणारं वाघेश्वराचं जुनं देऊळ तेव्हा उघडं पडतं. तुमच्या 'लेक टच' प्लॉटपासून पाण्यापर्यंत भेगाळलेला गाळ दिसेल, त्यात गुरं चरत असतील. धरणाच्या पोटातली अशी जमीन पाटबंधारे खातं पिकासाठी भाड्यानं देतं. तिला गाळपेर म्हणतात आणि त्यात धरणग्रस्तांचा हक्क आधी. कुणी तिथं पीक घेतलं तर "माझ्या समोर कशाला?" असं विचारायची सोय नाही.

आता मुख्य मुद्दा. धरणासाठी जमीन घेताना संपादनाची हद्द पाण्याच्या कडेनं आखलेली नसते. जमिनीचे गट मध्येच तुटलेले असतात, हद्द कुठं कुठं बरीच वर येते. "पाण्यापर्यंत सगळं आपलंच" असं जो म्हणेल, त्याच्याकडे संपादनाचा नकाशा मागा. मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम, म्हणजे जागेवर हद्दीच्या खुणा ठरवणाऱ्या मोजणीचा अर्ज करा आणि 'क' प्रत, म्हणजे त्या मोजणीचा नकाशा, हातात आल्याशिवाय खरेदीखत करू नका. अर्ज जमीनमालकाच्या नावानं करावा लागतो, तेव्हा त्याला आधीच कबूल करून घ्या. खुणा करताना स्वतः हजर राहा, ड्रायव्हरला पाठवू नका.

मुंबईचे एक शेठ होते. हिरवळ, लाकडी गझिबो, दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरवलेल्या. मोजणी मागवली ती शेजाऱ्यानं. खुणा लावत गेलो तर अकरा गुंठे हिरवळ संपादित जमिनीत, गझिबोसकट. अकरा गुंठे म्हणजे जवळजवळ बारा हजार चौरस फूट! शेठ म्हणाले, "हद्दीचा दगड थोडा खाली सरकवता येईल का?" मी म्हटलं, "शेठ, दगड सरकेल हो. नकाशा नाही सरकत."

सातबारा मोबाइलवर निघतो, पण लोक नाव आणि क्षेत्र पाहतात आणि थांबतात. 'इतर हक्क' वाचा: बँकेचा बोजा, कूळ, वारस, पुनर्वसनाचे शेरे तिथंच असतात. भोगवटादार वर्ग-२ दिसलं, तर ती जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही; परवानगीशिवाय व्यवहार नको. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी बहुधा त्यातच असतात. जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदीही काढा. बहिणींची नावं कशी कमी झाली, ते तिथं कळतं. शेतजमीन असेल तर कूळकायद्याचं कलम ६३ आहे, घेणाऱ्याला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. कुठल्या तरी गावचा शेतकरी दाखला 'करून देतो' म्हणणारे भेटतील. त्यांना नमस्कार करा आणि निघा.

मुळशीला जात असाल तर हिशोब वेगळा. ते धरण टाटांचं, वीज करण्यासाठी बांधलेलं; पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरतं. १९२१ साली सेनापती बापटांनी तिथं सत्याग्रह केला तो धरणात जाणाऱ्या जमिनींसाठीच. वरसगाव धरणाच्या काठावरचं लवासा हे खाजगी शहर तर सर्वांनी पाहिलंच: २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाची काम थांबवण्याची नोटीस, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत. एवढे पैसे, एवढे वकील, तरी!

पावसाचं थोडक्यात सांगतो. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पडतो. लोखंड गंजतं, गाद्यांना बुरशी येते. समोर एवढं पाणी असलं तरी उपशाला परवानगी लागते, म्हणून उन्हाळ्यात पोहण्याचा तलाव टँकरनं भरणारे बंगलेही मी पाहिलेत.

रस्त्याची खात्री करा. नकाशावर आहे की नुसती वहिवाट, ते विचारा. बहुतेकदा तो ज्याच्या बांधावरून जातो, त्याच्याच बापाची जमीन धरणात गेलेली असते आणि उरलेली तुम्ही घेताय. पुढं तोच तुमचा वॉचमन होतो. मोजणीच्या दिवशी त्याला बोलवा, चहा पाजा. शेठच्या हिरवळीखालचा जुना दगड मला अशाच एका म्हाताऱ्यानं काठी टेकून दाखवला होता, माझं यंत्र अजून पेटीतून निघायचं होतं.