रंगमंचावरचे दिवे ऐकेनासे होतात तेव्हा : या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत गणेशोत्सवात आणि गावोगावच्या यात्रांत नाटके होतात. जुन्या हॅलोजनच्या जोडीला आता एलईडी पार (एका जागी बसवायचे दिवे) आणि मूव्हिंग हेड (तोंड फिरवणारे दिवे) आले असून, ते डीएमएक्स ५१२ या, केबलमधून दिव्यांना हुकूम पाठवण्याच्या पद्धतीने एकाच कन्सोलवरून (नियंत्रण-पटावरून) चालवता येतात. प्रयोग सुरू असताना दिवे आपोआप लुकलुकू लागले की आपण पहिल्यांदा कन्सोलवर संशय घेतो, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, दोष बहुतेक वेळा केबलमध्येच असतो.

खानापूर तालुक्यातील एका गावी दुसऱ्या अंकात शेवटचे चार पार थरथरू लागले. मी कन्सोल बदलला, दिवे बदलले, आणि या धांदलीत दोन प्रवेश अंधुक उजेडात गेले. नंतर पाहिले तर मधली एक केबल माइकची होती. माइकची आणि डीएमएक्सची तीन पिनांची जोडणी दिसायला सारखीच असल्यामुळे ही गफलत सहज होते. पण डीएमएक्सला सुमारे १२० ओहम प्रतिबाधेची (सिग्नलला होणाऱ्या विरोधाची) केबल लागते आणि माइकची केबल त्यासाठी बनवलेली नसते. कमी अंतरावर ती चालून जाते, म्हणूनच ती फसवते.

एकापुढे एक जोडलेल्या दिव्यांच्या साखळीत शेवटच्या दिव्याला टर्मिनेटर न लावणे ही दुसरी चूक. २ आणि ३ क्रमांकांच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर जोडला की टर्मिनेटर तयार होतो. तो नसेल तर सिग्नल टोकावरून परत फिरतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. तपासणी सोपी आहे : सर्व दिव्यांचा वीजपुरवठा बंद करावा, कन्सोलकडची केबल काढावी आणि त्या टोकाशी मल्टिमीटरने २ व ३ या पिनांमधील रोध मोजावा. तो १२०च्या आसपास आला तर या दोन तारा शेवटपर्यंत अखंड आहेत. मीटरवर काही आकडाच आला नाही तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा टर्मिनेटरच लावलेला नाही. शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. सिग्नल वाटण्यासाठी वाय आकाराची जोडणी करू नये, त्यासाठी स्प्लिटर (सिग्नल वेगवेगळ्या वाटांनी पुढे पाठवणारे उपकरण) वापरावा. आणि स्प्लिटरशिवाय एका साखळीत बत्तीसहून अधिक दिवे जोडू नयेत.

दिव्याचा रंग, उजेड अशा एकेका गोष्टीसाठी एक चॅनेल लागतो, आणि दिव्याचा पहिला चॅनेल ज्या क्रमांकाचा, तो त्याचा पत्ता; म्हणून सात चॅनेलच्या दिव्यांचे पत्ते १, ८, १५ असे द्यावे लागतात. डीआयपी स्विच (पत्ता ठरवणाऱ्या छोट्या खटक्यांची रांग) असलेल्या दिव्यांत आठवा पत्ता हवा म्हणून आठवा स्विच वर करणारे मी अनेकदा पाहिले आहेत. पण स्विचांची किंमत १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाते, म्हणून आठव्या स्विचचा अर्थ १२८ होतो. आठसाठी फक्त चौथा स्विच वर हवा. पंधरासाठी पहिले चारही. आपल्याकडे मदतीला येणारी मुले कधी मराठी, कधी कन्नड बोलणारी असतात. म्हणून दिव्यावर पत्ता मोठ्या अंकात चिकटवून ठेवावा, तो कोणालाही वाचता येतो.

पावसाळी हवेत कनेक्टरच्या पिना काळवंडतात, त्या प्रयोगाआधी पुसून घ्याव्यात. जमिनीवर पाणी साचत असेल तिथे जोड उंचावर बांधावेत. एलईडी दिव्याला वीज कधीही डिमरच्या (हॅलोजन मंद करणाऱ्या यंत्राच्या) चॅनेलमधून देऊ नये. त्याला थेट २३० व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा आणि नीट अर्थिंग हवे. एलईडी मंद करण्याचे काम त्याच्या आतले सर्किट करते; डिमरवर जोडल्यास दिवा लुकलुकतो आणि पुढे त्याचा पॉवर सप्लाय जळू शकतो.