साखर आटोक्यात आली? मग बेत असा करा

मधुमेहाच्या निदानानंतर तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) ७ टक्क्यांच्या खाली आलं, तर आनंद साजरा करायलाच हवा. पण रात्री मोदक खायचे म्हणून दुपारचं जेवण टाळू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची (साखर कमी करणारी) गोळी चालू असेल तर उपाशीपोटी साखर ७० च्या खाली जाऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात. तेव्हा लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी.

ताटात आधी काकडीची कोशिंबीर, मग तव्यावर थोड्या तेलात परतलेला बांगडा आणि बिनसाखरेची सोलकढी. भाताची एकच मूद. तांदळाची भाकरी घेतली तर भात नको. शेवटी एक उकडीचा मोदक. गुळाचा आहे म्हणून दुसरा चालेल, हा गैरसमज गावोगाव आहे. गुळानेही साखर चढतेच.

जेवून उठलात की पंधरा मिनिटं चाला. पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर तपासा, १८० च्या आत हवी. हापूस चिरून तसंच बोट टोचलंत, तर कातडीवरच्या रसामुळे यंत्र खोटा, मोठा आकडा दाखवतं. साबणाने हात धुवा, कोरडे पुसा, मगच टोचा. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका.