'पर्यंत'साठी इंग्रजीत टिल की बाय?

इंदुरात घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्यांची इथे दुहेरी फसगत होते. 'पर्यंत' आणि 'तक' दोन्ही ढिले शब्द, इंग्रजी मात्र काटेकोर.

आधी क्रियापद पाहा. काम त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल तर टिल: 'आय विल वेट टिल फाइव्ह'. पाचच्या आत एकदाच उरकायचे असेल तर बाय: 'सबमिट द फॉर्म बाय फाइव्ह'. इथे टिल घातले तर पाचपर्यंत फॉर्मच भरत बसल्यासारखे वाटते.

सर्वांत चिवट चूक पुढची. 'मी येत नाही तोपर्यंत थांब' (किंवा 'जब तक मैं न आऊँ') डोक्यात ठेवून लोक 'वेट टिल आय डोंट कम' म्हणतात. नकार टिलच्या पोटातच आहे, म्हणून 'वेट टिल आय कम'. 'विल कम'ही नको. नकार हवाच तर मुख्य वाक्यात: इंदूरच्या सराफ्यातली (दागिन्यांच्या बाजारातली) दुकाने मिटेपर्यंत खाण्याच्या गाड्या लागत नाहीत, 'द स्टॉल्स डोंट ओपन टिल द शॉप्स क्लोज'.

अंतरासाठी टिल टाळावे. राजवाड्यापर्यंत चाललो, तर 'अॅज फार अॅज राजवाडा'.

टिल हे अनटिलचे लघुरूप नव्हे. उलट तेच जुने. प्राचीन नॉर्स भाषेतले 'तिल', म्हणजे 'कडे'. 'तोवर' अर्थाचे 'उंड' त्याला जोडून पुढे अनटिल झाले. अनटिलच्या शेवटी मात्र एकच एल. अर्जात टिलच्या आधी अॅपॉस्ट्रॉफी देण्याचे कारण नाही. गल्ल्याचा टिल हा वेगळा शब्द; नांगरटीचा टिल मात्र मुळात याचा दूरचा नातलग.