माळ्यावर खोली काढल्यावर हीटिंगचा झोन नीट चालत नसेल तर काय तपासायचं

माळ्याची खोली करून घेतली, इन्सुलेशन झालं, नवीन रेडिएटर लागले, आणि थंडी पडल्यावर कळतं की वरचे रेडिएटर कोमटसुद्धा होत नाहीयेत. किंवा उलट, वरचा झोन (म्हणजे स्वतःच्या थर्मोस्टॅटवर वेगळा चालू-बंद होणारा भाग) बंद असूनही खोली तापतेय आणि खाली सगळे कुडकुडतायत. अशा वेळी बरेच जण लगेच बॉयलर कमी पडतोय असं धरून मोठ्या बॉयलरच्या मागे लागतात. माझं म्हणणं एवढंच की त्या खर्चात पडायच्या आधी पाणी वरपर्यंत पोचतंय का, पोचलेलं पाणी फिरतंय का, आणि थर्मोस्टॅटचा सिग्नल बॉयलरपर्यंत जातोय का, हे ह्याच क्रमाने बघा.

सगळ्यात आधी प्रेशर. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार लागतो, हे लक्षात ठेवलं की निम्मं कोडं सुटतं. समजा बॉयलर तळमजल्यावर आहे आणि गेजवर 0.8 बार दिसतोय. आधी सगळ्यात वरचा रेडिएटर गेजपासून साडेचार मीटरवर होता, तेव्हा तेवढं प्रेशर पुरत होतं. आता माळ्यावरचा रेडिएटर 7 मीटरवर गेला, म्हणजे तिथे उरलं जेमतेम 0.1 बार, त्यातून प्रेशर अजून थोडं उतरलं तर वर पाणी चढायच्या ऐवजी ऑटो एअर व्हेंटमधून (एरवी हवा आपोआप बाहेर सोडणाऱ्या झडपेतून) हवा आत ओढली जाते आणि तुम्ही कितीही वेळा एअर काढा ती परत येतेच. म्हणून सिस्टिम थंड असताना उंचीचे मीटर भागिले 10 आणि वर 0.3 ते 0.5 बार, एवढं प्रेशर ठेवा, म्हणजे वरच्या उदाहरणात 1 ते 1.2 बार. भरून झाल्यावर फिलिंग लूपचा (सिस्टिममध्ये पाणी भरायच्या नळीचा) व्हॉल्व्ह घट्ट बंद केलाय ना तेवढं परत एकदा बघा.

प्रेशर वाढवताना एक्स्पान्शन टँक (तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारी, आत पडदा आणि हवा असलेली टाकी) विसरू नका, इथे फार जण फसतात. पाणी थंड असताना जेवढं असतं त्यापेक्षा 80 डिग्रीला जवळजवळ 3 टक्के फुगतं, आणि नवीन रेडिएटर आणि पाइपमुळे सिस्टिममधलं पाणीही वाढलेलं असतं, टँक मात्र जुनाच. मग होतं काय, थंड असताना 1.2 आणि तापल्यावर काटा 3 बारच्या जवळ, सेफ्टी व्हॉल्व्ह (बंद, म्हणजे उघडी टाकी नसलेल्या, बहुतेक सिस्टिममध्ये तो 3 बारला उघडतो) थोडं पाणी बाहेर सोडतो, सकाळी गेज खाली आलेला असतो, तुम्ही परत पाणी भरता, आणि हे चक्र चालूच राहतं. प्रत्येक वेळी नवीन पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो आणि आतून गंज धरतो, त्यामुळे रोज भरत बसणं हा उपाय नाहीच. टँकमधली हवा तपासायची तर आधी सिस्टिमचं प्रेशर शून्यावर आणा, मगच हवेच्या व्हॉल्व्हला गेज लावा, आणि ती हवा साधारण थंड प्रेशरच्या आसपास ठेवा. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर आतला पडदा फाटलाय, टँक बदलायला लागणार. टँक लहान पडत असेल तर बाजूला दुसरा जोडता येतो.

आणि तुमची सिस्टिम जुन्या पद्धतीची, उघड्या टाकीवाली असेल तर अजून एक गोष्ट बघा. ती छोटी टाकी बऱ्याचदा माळ्यावरच असते, आणि रेडिएटर टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर गेला तर त्यात पाणी भरणारच नाही. टाकी अजून उंच नेता येत नसेल तर सिस्टिम बंद पद्धतीची करून घ्यावी लागते, आणि जुना बॉयलर त्याला चालेल का हे जाणकार टेक्निशियनकडूनच ठरवून घ्या.

आता एअर. पंप बंद करा, पाणी जरा थंड होऊ द्या, खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर जा, रेडिएटरच्या एअर व्हॉल्व्हची चावी अर्धा फेरा फिरवा, खाली फडकं धरा, फुसफुस थांबून सलग पाणी आलं की बंद. मग गेज बघा, उतरलेला असेल तर भरा. नवीन कामानंतर काही दिवस हे परत परत करावं लागतं, ते नॉर्मल आहे. पण बऱ्याच दिवसांनीही त्याच रेडिएटरमध्ये हवा साठत असेल तर कुठेतरी लीक आहे किंवा आत गंज चाललाय. अशी हवा काढताना (ब्लीड करताना) काळं पाणी आलं तर गंजाचा गाळ आहे असं समजा, सिस्टिम फ्लश करून इन्हिबिटर (गंज रोखणारं रसायन) टाकायला हवा.

प्रेशर ठीक, एअर नाही, तरी गार? दोन्ही पाइपांना हात लावून बघा, जपून, चटका बसेल. येणारा पाइप गरम आणि जाणारा अगदी गार असेल तर फ्लो कमी आहे. तपासायला खालचे सगळे रेडिएटर थोडा वेळ बंद करा, तेवढ्याने माळा तापला तर प्रश्न बॅलन्सिंगचा, म्हणजे सगळ्या रेडिएटरना पाणी नीट वाटून देण्याचा आहे, पाणी जवळची सोपी वाट धरतंय. बॉयलरजवळच्या रेडिएटरचे लॉकशील्ड (दुसऱ्या टोकाचे, फ्लो ठरवून ठेवायचे व्हॉल्व्ह) आवळा, लांबचे उघडे ठेवा, आणि दर वेळी थोडं फिरवून अर्धा तास थांबा, घाई केली की काहीच कळत नाही. खालचे बंद करूनही माळा गारच राहिला तर रेडिएटरच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची पिन अडकलीये का बघा, डोकं काढून पिन हाताने दाबली की ती वर-खाली झाली पाहिजे. आणि प्लंबरने वरची लाइन कुठून काढलीये तेही बघा. 15 मिलिमीटरचा पाइप 20 डिग्रीच्या फरकाला साधारण 6 किलोवॅट नेतो, पण कुठल्यातरी बेडरूमच्या 10 मिलिमीटरच्या पाइपच्या शेपटाला माळा जोडला असेल तर कितीही बॅलन्सिंग करा उपयोग नाही, मेन लाइनवरून वेगळी जोडी आणि स्वतंत्र झोन व्हॉल्व्ह (त्या झोनचं पाणी चालू-बंद करणारा मोटरवाला व्हॉल्व्ह) हाच खरा इलाज.

कंट्रोलची चाचणी सोपी आहे. बाकी सगळे थर्मोस्टॅट उतरवा आणि फक्त माळ्याचा वाढवा. खालचा मजला तापायला लागला तर वायर उलटसुलट जोडल्यात. झोन व्हॉल्व्हची मोटर फिरली, हाताचा लिव्हर सैल झाला, पण बॉयलर पेटला नाही, तर व्हॉल्व्हमधला छोटा स्विच गेलाय. हाच स्विच चिकटून बसला तर सगळे थर्मोस्टॅट बंद असूनही बॉयलर चालत राहतो. कव्हर उघडायच्या आधी मेन स्विच बंद, आणि वायरिंगची खात्री नसेल तर इलेक्ट्रिशियनच बोलवा. बॉयलरच्या गॅसच्या भागाला तर स्वतः हात लावूच नका.

झोन बंद असूनही माळा तापत असेल तर एकतर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीये, नाहीतर गरम पाणी हलकं असल्यामुळे आपोआप वर चढतंय. बंद झोनचा रिटर्न पाइप येणाऱ्या पाइपपेक्षा जास्त गरम लागला तर पाणी उलट्या वाटेने चढतंय असं समजा, रिटर्नवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवला की थांबतं.

फक्त माळा चालू असताना बॉयलर दर दोन-चार मिनिटांनी चालू-बंद होत असेल तर लोड फार लहान आहे, वरचा झोन 2 किलोवॅट मागतोय आणि बॉयलर त्याच्या किमान पातळीच्या खाली उतरू शकत नाहीये. माळ्याची वेळ दुसऱ्या एखाद्या झोनबरोबर लावून बघा, बराच फरक पडतो.

एक काम मात्र भिंती बंद व्हायच्या आधी करून घ्या, उतरत्या छपराच्या कडेने जाणारे पाइप इन्सुलेशनच्या आतल्या, उबदार बाजूला आहेत ना ते बघा. बाहेरच्या बाजूला राहिले आणि माळ्याचा झोन बंद ठेवला तर कडक थंडीत पाणी गोठून पाइप फुटतो. भिंती आधीच बंद झाल्या असतील तर त्या थर्मोस्टॅटला 7 डिग्रीच्या खाली जाऊ देऊ नका, आणि फार गारठा असेल तेव्हा त्याहून वर ठेवून मधूनमधून पाणी फिरू द्या, कारण थर्मोस्टॅट खोलीची हवा मोजतो, कडेच्या पाइपची नाही.